वाजवणारा नाही, तरी पियानो वाजतोय!

मुलांनो, आज एक कोडं घालते. बघा सुटतं का. वाद्य आहे, पण वाजवणारा नाही. समोरच्या पट्ट्या आपोआप खालीवर होतात, जणू कुणी न दिसणारा माणूस स्टुलावर बसून बोटं फिरवतोय. सूर अगदी खरे, आतल्या तारांमधून निघालेले. रेडिओ नाही, टेपरेकॉर्डर नाही, मोबाइल तर नाहीच नाही. सांगा बरं, काय असेल?

आमच्या चौथीच्या वर्गात हे कोडं घातलं, तर मागच्या बाकावरून पहिलं उत्तर आलं, "भूत!" सगळा वर्ग खिदळला. मग खिडकीजवळून दुसरं उत्तर आलं, "कॉम्प्युटर!" या उत्तराला मात्र मी अर्धे मार्क देऊन टाकले. का, ते पुढे कळेलच.

या वाद्याला म्हणतात पियानोला. खरं तर ते एका कंपनीच्या मालाचं नाव, पण स्वतः वाजणाऱ्या सगळ्याच पियानोंना लोक तेच म्हणू लागले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत आणि युरोपात हे पियानो घरोघरी होते. आज त्यांतले नीट वाजणारे शोधावे लागतात, आणि विजेवर चालणारे काही प्रकार तर इतके दुर्मीळ झाले आहेत की, ते जपण्यासाठी लोक आयुष्य घालवतात. हे जपणं म्हणजे नेमकं काय करणं, हे मला आमच्या शाळेतल्या एका फाटक्या पेटीमुळे कळलं. ती फजितीही सांगणार आहे, पण जरा दमानं.

आमच्या डहाणू-तलासरीकडे साधा पियानो पाहिलेली मुलंसुद्धा क्वचितच भेटतील. म्हणून आधी त्याची ओळख करून देते. पियानोच्या पट्ट्या आपल्या पेटीसारख्याच, काळ्या-पांढऱ्या. फक्त संख्येनं जास्त, ८८. पेटीत भात्याच्या हवेनं पितळेचे सूर थरथरतात. पियानोत तसं नसतं. पट्टी दाबली की आतला एक छोटासा लाकडी हातोडा उसळतो आणि तारेवर आपटतो. हातोड्याच्या डोक्याला लोकरीचा जाड नमदा लावलेला असतो, म्हणून आवाज गोड येतो. म्हणजे पियानोला हवा लागतच नाही. तो तारांवर चालतो.

पण पियानोलाला हवा लागते! आणि हवेवर चालणारं वाद्य म्हटलं की तुम्हा-आम्हाला पहिल्यांदा काय आठवतं? तारपा.

तारपा तुम्ही नाचताना ऐकला असेल, नाहीतर वारली चित्रात तरी नक्की पाहिला असेल. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची चित्रं जगभर गेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. वारली चित्रांमधला तो नाचणाऱ्यांचा गोल आठवा, आणि गोलाच्या मधला तारपेकरी. वाळवलेला भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला कर्णा. सगळे सांधे मेणानं बंद केलेले. माझ्या वर्गातल्या एका मुलाचा आजा तारपा वाजवतो. तो गालात हवा साठवतो, नाकानं श्वास घेतो आणि सूर काही तुटू देत नाही. आम्ही मोजून पाहिलं, तर मोजणारी मुलंच कंटाळली!

तारप्यात माणूस हवा आत फुंकतो. पियानोलात नेमकं उलटं असतं. तिथे हवा बाहेर ओढली जाते. हे समजायला एक प्रयोग करा. शीतपेयाची नळी घ्या आणि वहीच्या कागदाचा कपटा. नळीचं एक टोक तोंडात धरा, दुसरं कागदावर टेकवा आणि हवा ओढा. कागद चिकटला ना? आता कपट्याला पेन्सिलच्या टोकानं एक भोक पाडा आणि हवा ओढता ओढता कपटा हळूच सरकवा. भोक नळीच्या तोंडावर आलं की सूंऽऽ करून हवा आत शिरते, जिभेला कळतंसुद्धा. (नळी मिळाली नाही म्हणून आमच्या एका हुशार गड्यानं पपईच्या पानाचा देठ तोंडात धरला. त्याचा चीक लागून ओठ चुरचुरले. तुम्ही तसं करू नका.)

झालं! तुम्ही पियानोलाचं अर्धं काम करून पाहिलंत. बंद कागद म्हणजे गप्प. भोक म्हणजे वाज.

आता पियानोलाच्या पोटात डोकावू. तिथे एक पितळी पट्टी असते. तिला एका ओळीत बारीक भोकं, पियानोच्या एकेका सुरासाठी एकेक. या पट्टीवरून कागदाची लांबच लांब गुंडाळी सरकत असते. एका रुळावरून सुटते, दुसऱ्यावर गुंडाळली जाते. कागदात जागोजागी भोकं पाडलेली. कागदाचं भोक पट्टीच्या भोकावर आलं की हवा नळीत शिरते. नळीच्या दुसऱ्या टोकाशी चामड्याचा एक पातळ, मऊ पापुद्रा असतो. तो फुगतो आणि एक झडप उघडतो. झडप उघडली की एका इवल्याशा भात्यातली हवा ओढली जाते, भाता फटकन मिटतो आणि मिटता मिटता हातोडा उडवतो. ठण्! सूर वाजला. असे भाते किती? जितके सूर तितके. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं, आणि एका गाण्यात ते हजारो वेळा होतं.

सूर लांबवायचा असेल तर भोक लांब. एकदम चार सूर हवेत तर एका ओळीत चार भोकं. गाणं वाचता न येणाऱ्यालाही कागद उजेडाला धरला की गाण्याचा आकार दिसतो. मला तर तो उंदरांनी कुरतडलेल्या हजेरीपटासारखा दिसला असता, पण असो.

हे डोकं कुणाचं? अमेरिकेतल्या एडविन व्होटी यांनी १८९५ साली पहिला पियानोला तयार केला. तेव्हा तो पियानोच्या आत नव्हता. ते एक वेगळं कपाट होतं. ते पियानोसमोर आणून लावायचं, मग कपाटातून बाहेर आलेली लाकडी बोटं पट्ट्या दाबायची! पुढे सगळी यंत्रणा पियानोच्या पोटातच बसवू लागले. सुरुवातीला प्रत्येक कारखान्याचा कागद वेगळ्या मापाचा असे. याचा कागद त्याला चालत नसे. मग १९०८ साली अमेरिकेतले कारखानदार बफेलो शहरात एकत्र बसले आणि सव्वाअकरा इंच रुंदीचा कागद ठरला. म्हणून तर त्या मापाचा शंभर वर्षांपूर्वीचा कागद आजही दुसऱ्या कंपनीच्या पियानोवर चालतो.

भोकांची कल्पना मात्र त्याहून जुनी, आणि ती कापडातून आली. फ्रान्सच्या लियाँ शहरात जोसेफ जॅकार यांनी १८०४ च्या सुमारास असा माग बनवला की, भोकं पाडलेले पुठ्ठे लावले म्हणजे नक्षी आपोआप विणली जाई. आपल्या येवल्याला पैठणीच्या काही मागांवर आजही जॅकार्डचे पुठ्ठे दिसतात. पुढे याच भोकांच्या पत्त्यांवर अमेरिकेची १८९० सालची जनगणना मोजली गेली आणि त्यानंतर कित्येक वर्षं कॉम्प्युटरलाही हुकूम अशाच पत्त्यांवरून दिले जात. भोक आहे किंवा नाही, एवढीच भाषा. आता कळलं, "कॉम्प्युटर!" म्हणणाऱ्याला अर्धे मार्क का दिले ते?

पण हवा ओढायची कुणी? आधी माणसानंच. खाली दोन पायटे असत, ते आळीपाळीनं दाबायचे. आपल्या आजी-आजोबांना विचारा, संगीत नाटकातला ऑर्गन त्यांना आठवत असेल. बालगंधर्वांच्या नाटकांना साथीला ऑर्गन असे. तो वाजवणारा पायांनी भाते हलवत राहायचा, आणि त्या ऑर्गनमध्येही हवा फुंकली न जाता ओढलीच जाते. म्हणजे मराठी नाटकाच्या रंगमंचापुढे बसलेला तो ऑर्गन पियानोलाचा जवळचा भाऊबंदच म्हणायचा.

मग आली वीज. पायांच्या जागी मोटर बसली आणि मोठीच क्रांती झाली. आता माणूस नुसता ऐकायला! हॉटेलांत, दुकानांत असे विजेचे पियानो आले की फटीत नाणं टाकलं की वाजायला लागत. शिकागोच्या मिल्स कंपनीनं तर 'व्हायोलानो' नावाचं कपाट काढलं. त्यात एक खरंखुरं व्हायोलिन आणि खाली पियानो, दोन्ही एकदम वाजत. इथे हवेऐवजी विजेचे लोहचुंबक कामाला. व्हायोलिनच्या तारांवर छोटी चाकं फिरत, त्यांनी सूर निघे. असे काही हजारच बनले. आज एखादा वाजता सापडला की संग्राहक मंडळी हातातली कामं टाकून धावतात.

पण माझ्या मते सगळ्यात अद्भुत गोष्ट वेगळीच आहे. जर्मनीतल्या वेल्टे कंपनीनं १९०४ साली असा पियानो बाजारात आणला, जो केवळ सूरच नाही, तर वाजवणाऱ्याची लकबही वाजवे. कुठे हळू, कुठे जोरात, कुठे क्षणभर थांबून. मोठमोठ्या वादकांना बोलावून त्यांचं वादन कागदावर उतरवलं गेलं. जोराच्या खुणा कागदाच्या कडेच्या भोकांत. हा जोर नेमका कसा टिपायचे, ते कंपनीनं गुपितच ठेवलं. नॉर्वेचे थोर संगीतकार एडवर्ड ग्रीग यांनी १९०६ साली असं वादन नोंदवलं. दुसऱ्याच वर्षी ते गेले. आजही त्यांचा कागद चांगल्या पियानोवर लावला, तर शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचं त्यांचं वादन तुमच्यासमोरच्या ताज्या तारांवर वाजतं. त्या काळच्या तबकडीतला खरखराट नाही, काही नाही. पट्ट्या खाली जाताना दिसतात, बोटं तेवढी दिसत नाहीत. मागच्या बाकावरचं "भूत!" हे उत्तरही अगदीच चुकलं नव्हतं म्हणा.

मग इतकं छान यंत्र गेलं कुठे? रेडिओ आला, ग्रामोफोनचा आवाज १९२५ नंतर खूप सुधारला, आणि १९२९ साली अमेरिकेत मोठी मंदी आली. लोकांनी पियानोला घेणं बंद केलं. घरात होते ते बिघडले. दुरुस्त करणारे मिळेनात, तेव्हा अनेकांनी आतली सगळी यंत्रणा उपसून टाकली आणि उरला तो साधा पियानो वापरला. कागदाच्या गुंडाळ्या गेल्या रद्दीत.

आता गंमत बघा. या यंत्रात आधी मरतं काय? लाकूड? लोखंड? नाही. ते शंभर वर्षं टिकतं. आधी मरतं ते मऊ सामान. चामड्याचा पापुद्रा कडक होतो. रबरी नळ्या बिस्किटासारख्या तुटतात. भात्याचं कापड झिरपायला लागतं. नमद्याला कसर लागते. कागद पिवळा पडतो, कडेनं फाटतो, आणि कागद जरासा जरी तिरका गेला की एका सुराच्या जागी शेजारचाच वाजतो. आपल्यासारख्या समुद्रकाठच्या दमट हवेत तर काही विचारूच नका. पावसाळ्यात आमच्या फळ्यावरचा खडूसुद्धा ओला होतो, तिथे चामड्याची काय कथा!

आता माझी फजिती. आमच्या शाळेत प्रार्थनेला एक जुनी पेटी आहे. दोन-तीन वर्षांमागे तिचा भाता कोपऱ्यात फाटला. प्रार्थनेच्या मध्येच "फुस्स" व्हायचं आणि मुलं हसायची. मी काय केलं, दुकानात जाऊन सगळ्यात घट्ट चिकटवणारं जे काही मिळालं ते आणलं, कापडाची पट्टी घेतली आणि भाता असा चिकटवला की विचारू नका. मला फार अभिमान वाटला. दोन महिने पेटी वाजली. मग एक सूर अडकला, आणि पेटी दुरुस्त करणाऱ्या काकांना बोलावलं. त्यांनी भाता हातात घेतला, उलटसुलट केला आणि शांतपणे म्हणाले, "बाई, चिकटवलंत छान. पण आता उघडायचं कसं?"

माझी पट्टी निघेना. शेवटी त्यांना भाता कापावा लागला. पट्टीबरोबर शेजारचं चांगलं जुनं चामडंही फाटून आलं. सगळा वर्ग बघत होता. मी तर जमिनीकडेच बघत होते.

मग त्यांनी पिशवीतून सरस काढला. सरस म्हणजे जनावरांचं कातडं, हाडं उकळून केलेला डिंक. जुने सुतार तोच वापरत. गरम करून लावायचा, थंड झाला की घट्ट धरतो. पण गरम पाणी आणि वाफ दिली की पुन्हा सुटतो! काकांनी नवं चामडं सरसानं बसवलं. बसवण्याआधी भात्याच्या आतल्या लाकडावर पेन्सिलीनं तारीख लिहिली आणि कुठलं चामडं घातलं तेही. एका मुलीनं विचारलं, "काका, आत कोण वाचणार?" काका म्हणाले, "पुढच्या वेळी उघडेल तो."

नंतर पियानोलांबद्दल वाचताना मला हेच पुन्हा दिसलं आणि मी चाटच पडले. तिकडचे जाणकार कारागीरही सरसच वापरा म्हणून बजावतात. कारण आज घातलेलं चामडं आणखी काही वर्षांनी कुणाला तरी पुन्हा बदलावं लागणारच. सगळ्यात वाईट पियानो कुठले, तर मधल्या काळात माझ्यासारख्या उत्साही माणसांनी पक्के चिकटवून ठेवलेले! ते उघडताना लाकूडच फुटतं.

त्या मुलाच्या आजालाही मी विचारलं, तारप्याला मेणच का लावता? बाजारात चिकटवायला इतकं काय काय मिळतं. तो हसला. म्हणाला, "मेण तापवलं का नली निंगते. नली निंगली नाय त आतला सूर कसा निट करू?" घ्या! जे शिकायला मला एक भाता फाडावा लागला, ते या आजाला पहिल्यापासून ठाऊक.

तरी एक प्रश्न उरतो, आणि त्यावर मोठी माणसंही भांडतात. असं दुर्मीळ वाद्य वाजवायचं, की काचेत ठेवायचं? वाजवलं तर झिजतं. न वाजवता ठेवलं तर चामडं आणि भाते जागच्या जागी आखडतात, आणि कसं वाजत होतं तेही विसरलं जातं. नव्या नळ्या, नवं चामडं घातलं, तर ते जुनं वाद्य राहिलं का? नेदरलँड्सच्या उट्रेख्ट शहरात आपोआप वाजणाऱ्या वाद्यांचं 'स्पीलक्लोक' संग्रहालय आहे, लंडनच्या ब्रेंटफर्ड भागात १९६३ पासून 'म्युझिकल म्युझियम' आहे. दोन्ही ठिकाणी वाद्यं वाजवून दाखवतात. मला विचाराल तर वाजवावं, पण रोज नको, आणि काढलेला प्रत्येक जुना तुकडा पाकिटात घालून, नाव लिहून ठेवावा. कागदांचं मात्र काम सोपं झालं आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात हजारो गुंडाळ्या जमवल्या आहेत आणि खास यंत्रानं त्यांची छायाचित्रं घेतात. मूळ कागद फाटला तरी त्यातली भोकं आता हरवणार नाहीत.

आणि भोकं पाडणारे वेडे किती असावेत! कॉनलन नॅनकॅरो नावाचे एक संगीतकार १९४० पासून मेक्सिकोत राहत होते. त्यांना असं संगीत सुचे की, दहा बोटांचा कुठलाच माणूस ते वाजवू शकला नसता. मग त्यांनी वर्षानुवर्षं स्वतःच्या हातानं कागदाला भोकं पाडली आणि पियानोलाकडून ते वाजवून घेतलं. पाच मिनिटांच्या संगीतासाठी महिनोन्‌महिने भोकं!

तुम्ही म्हणाल, बाई, एवढ्या लांबच्या गोष्टी सांगता, आम्ही ऐकायचं कुठे? पियानोला नाही, पण माणसाचे हात न लागता वाजणारं संगीत ऐकायला डहाणूहून गाडीनं चर्चगेटपर्यंत गेलात तरी पुरे. स्टेशनातून बाहेर पडून ओव्हल मैदानाकडे चालत जा. समोर २८० फूट उंच राजाबाई टॉवर दिसेल. प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून तो उभा राहिला आणि त्यांच्या आईचं नाव त्याला दिलं. बांधकाम १८६९ ते १८७८. आराखडा काढणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट भारतात कधी आलेच नाहीत! एकेकाळी या घड्याळाच्या घंटा १६ वेगवेगळ्या सुरावटी वाजवत. आता एकच वाजते. मनोऱ्याची डागडुजी होऊन २०१५ साली तो पुन्हा नीटनेटका झाला, आणि २०१८ पासून आजूबाजूच्या इमारतींसह तो जागतिक वारसा यादीत आहे.

मैदानाच्या कडेला उभे राहा. घड्याळ बघा. पाव तास भरायला दोन मिनिटं असतील, तेव्हा भावंडांची बडबड बंद करायला सांगा. तिथे गाड्यांचा आवाज फार असतो, आणि सुरावट अगदी थोडा वेळ वाजते.